उपाशी पावणं

माझ्या रूम पार्टनरइतकं पाहुणचाराचं वेड आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला नसेल. आणि जिथं वाट विचारायला थांबलेल्या माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत, त्या जिल्ह्याबद्दल हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. एम.एस्सी. झाल्यावर आम्ही दोघं घाटाखाली, समुद्राला खेटून असलेल्या एका सागरी जीवशास्त्र केंद्रात शिकायला गेलो. हा मुरगूडचा. घरचे म्हणत होते, साखर कारखान्यात चिकट. यानं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, बॅग माझ्या अंगावर टाकून पँटसकट पाण्यात शिरला आणि म्हणाला, "मर्दा, मी आता हितनं हालत न्हाय."

केंद्रातल्या यच्चयावत जिवांना तो 'पावणं' म्हणे. ओहोटीला खडकांत उतरलो की "काय पावणं, कुठलं गाव?" अशी समुद्रकाकडी नावाच्या गुबगुबीत जिवाची चौकशी चाले. एकदा तशीच एक कौतुकानं हातात घेतली, तर तिनं घाबरून पोटातली आतडीच त्याच्या शर्टावर ओकली. शर्ट तसाच ठेवून तो हळहळला, "बाधलं वाटतं काहीतरी पावण्यास्नी." केंद्राच्या रखवालदाराला त्यानं प्रेमानं खर्डा-भाकरी खिलवली, तो बिचारा कोकणी माणूस दिवसभर नळाखालून हलला नाही. पण सकाळी त्याच्याबरोबर फिरावं आणि समुद्र बघावा. मी पुस्तकात वाचलेलं शोधत असे. त्याला मात्र जे समोर असेल ते दिसे. इतका आनंदी विद्यार्थी मी पुढं कधी पाहिला नाही.

घोटाळा झाला तो शंखात राहणाऱ्या खेकड्यांपायी. उपाशी खेकडे एकमेकांशी जास्त भांडतात का, हा आमच्या मॅडमचा प्रयोग होता. निम्म्या टाक्यांना खाणं, निम्म्यांना उपास. देखरेख याच्याकडे. आठवडे गेले, पण उपाशी टाक्यांत कसली भांडणं, कसलं काय. खेकडे एकमेकांना वाट देत सुखानं हिंडत होते. मॅडम चक्रावल्या. भुकेनं जीव शांत होतो असा काही नवाच सिद्धांत हाती लागतोय, असं त्यांना वाटू लागलं, आणि त्या तो लिहायलाही बसल्या. गप्प राहिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण हा उठून त्यांच्या टेबलापाशी गेला. "मॅडम, ते उपाशी न्हाईत. मी रोज सकाळी माझ्या ताटातला मासा घालतोय."

"का पण?" मॅडमना रागवायचंही सुचेना.

"दारात आणून बसवलेलं पावणं उपाशी ठेवायचं म्हंजे... न्हाय जमलं मॅडम."

प्रयोगाचा हंगाम वाया गेला होता. केंद्रानं त्याला काढलं. जाताना मॅडमच त्याला एस.टी.पर्यंत सोडायला आल्या, आणि त्यानं सगळ्या टाक्यांपुढं उभं राहून "येतो" म्हटलं. 'जातो' म्हणायची आपल्यात पद्धत नाही.

आज मी कोल्हापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, आणि तो कॉलेजच्याच रस्त्यावर खानावळ चालवतो. खानावळ तुफान चालते. भुकेला माणूस ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण गल्ल्यामागं कॅलेंडर टांगलेलं आहे, आणि तिथी बघून तो हातातला रश्शाचा डाव तसाच धरून म्हणतो, "आज पुनव. सांजचं पाणी लई लांब जाईल बघ." माझ्या वर्गात शेकड्यानं पोरं येऊन गेली. समुद्र खरा कळणारा माणूस मात्र इथं रस्सा वाढतो आहे.

दर वर्षी मी म्हणतो, "चल की, गगनबावड्याचा घाट उतरलं की आलाच समुद्र."

दर वर्षी तो तेच सांगतो, "एकदा निरोप दिलेल्या पावण्यानं बोलावल्याबिगर जाऊ न्हाय. येऊ दे की बोलावणं."

मॅडम केव्हाच निवृत्त झाल्या. केंद्रात त्याचं नाव माहीत असलेलं आता कुणी उरलेलं नाही. हे मला त्याला सांगवत नाही. मी वाटी पुढं करतो, आणि तो काठोकाठ वाढतो.