फळ्यावर सहा लिहिलं होतं

बी.एड. मी जानेवारीत सोडलं. दुसरं सत्र सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. एप्रिलात परीक्षा, जूनमध्ये नोकरी, असं सगळं ठरलेलं असताना सोडलं. हे सांगायला लागले की समोरचा माणूस आधीच मान हलवायला लागतो. कुणाला वाटतं दिवस गेले असतील, कुणाला वाटतं नवऱ्याने बंद केलं असेल, कुणाला वाटतं अभ्यास झेपला नसेल. बाईने शिक्षण सोडलं म्हटलं की लोकांकडे कारणं तयारच असतात. माझं त्यातलं एकही नव्हतं. मला राग आला होता आणि माझं डोकंही ठिकाणावर होतं. दोन्ही एका वेळी असू शकतं, हे लोकांना पटत नाही, त्याला मी काय करू?

माझं माहेर निमगाव सावा, सासर डिंगोरे. जुन्नरला बी.एस्सी. केली आणि निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मला बी.एड. करायला लावलं ते आत्यांनी. नवऱ्याला वाटत होतं, शेतात कामाला दोन हात वाढले तर बरंच. पण आत्यांच्या मनाने घेतलं होतं की सून मास्तरीण झाली पाहिजे. त्यांचा एक चुलतभाऊ एका शिक्षणसंस्थेवर होता. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते एकदा आमच्या ओसरीवर चहा पिता पिता म्हणाले, की हिला बी.एड. करू द्या, जूनला आमच्या हायस्कुलात गणिताची जागा निघतेय, ती हिचीच समजा. मामा चहा पिऊन गेले, आणि आत्यांनी ते संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला सांगून टाकलं.

कॉलेज आंबेगाव तालुक्यात होतं. सकाळी सहाच्या एसटीने निघायचं आणि दोनदा गाडी बदलायची. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिचं उठणं, न्हाणं, रडणं सगळं आत्यांनी अंगावर घेतलं होतं. मी निघायच्या आत त्यांची भाकरी थापून झालेली असायची. एकदा ताप असताना उठल्या. मी म्हटलं, राहू द्या, मी करते. तर म्हणाल्या, तू पुस्तक वाच. गाडीत बसल्यावर मी खरंच वाचायचे, कारण न वाचता घरी परत यायची मला लाज वाटायची.

बी.एड.ला पुस्तकांपेक्षा महत्त्वाचे असतात ते सरावपाठ. जवळच्या एखाद्या शाळेत जायचं, खऱ्या पोरांना शिकवायचं, आणि मागच्या बाकावर कॉलेजचे सर निरीक्षणाची वही घेऊन बसणार. पाठाआधी टाचण लिहायचं. त्यात दोन रकाने. एकात शिक्षक काय म्हणेल, दुसऱ्यात विद्यार्थी काय म्हणतील. मुलं काय म्हणणार ते आपण आदल्या दिवशीच लिहून काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी तसंच म्हणायचं. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. पण मुलं खरंच तसंच म्हणायची, कारण माझ्याआधी आमच्यातल्या पाचसहा जणांनी तोच पाठ त्याच वर्गावर घेतलेला असायचा. पोरांना आमच्यापेक्षा जास्त पाठ.

शिवाय एक ठरलेली खूण होती. उत्तर येत असेल तर उजवा हात वर करायचा, येत नसेल तर डावा. मागून बघणाऱ्याला नुसते हातच हात दिसतात. बाईंनी फक्त उजव्या हातवाल्यांना उठवायचं. ही युक्ती कुणी काढली देव जाणे, पण ती आम्हाला त्या शाळेतल्या वर्गशिक्षिकेनेच पहिल्या दिवशी शिकवली. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. अकरा पाठ मी असेच घेतले. वर्गात शिरल्याबरोबर शेंगदाण्याची चिक्की दाखवायचे, म्हणजे हात उत्साहाने वर जायचे. माझ्या वहीवर ‘विद्यार्थ्यांचा उत्तम सहभाग’ असा शेरा सात वेळा होता आणि तो मी घरी यांना दाखवला होता.

बारावा पाठ पाचवीवर होता. आयताचं क्षेत्रफळ. उदाहरण ठरलेलं, लांबी पाच मीटर, रुंदी चार मीटर, उत्तर वीस चौरस मीटर. मी आयत काढला, आकडे लिहिले, वळले आणि विचारलं, तर क्षेत्रफळ किती? सगळ्या वर्गाने हात वर केले. दोघांतिघांना उठवलं, सगळे वीस म्हणाले. मी शाबास म्हटलं. मागे सर लिहीत होते. एक मुलगी, तिसऱ्या बाकावरची, डावा हात वर करून बसली होती आणि खाली घेत नव्हती. तिचा खांदा दुखायला लागला असेल म्हणून, की दुसरं काय म्हणून, मला आज सांगता येणार नाही, पण मी तिला उठवलं. सगळ्या वर्गाच्या माना तिच्याकडे वळल्या. डाव्या हाताला कुणी उठवत नसतं.

ती म्हणाली, “बाई, मला येत नाय. पण फळ्यावर सहा लिव्हलंय.”

मी वळून बघितलं. पाचाच्या जागी मी सहा लिहिला होता. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, आणि पंचेचाळीस पोरांचा वर्ग छातीठोकपणे वीस सांगत होता. मी शाबास म्हणत होते. सरांनी ‘उत्तम सहभाग’ लिहून टाकलं होतं. सबंध खोलीत फळ्याकडे बघितलं होतं ते एकट्या त्या पोरीने, जिला येत नव्हतं. मला कानशिलात बसल्यासारखं झालं. पोरं हसली, ती कुणाला हसली हे त्यांनाही माहीत नसावं. मी सहा पुसून पाच केला आणि पाठ संपवला. हो, पुसला. सहा तसाच ठेवून पोरांना पुन्हा विचारायची हिंमत त्या दिवशी नव्हती.

बाहेर आल्यावर सर चिडले होते. चूक माझी आकड्याची नव्हती म्हणे, त्या मुलीला उठवण्याची होती. ढ पोरांना पाठात उठवायचं नसतं, एवढं कळत नाही का तुम्हाला, असं म्हणाले.

पुढच्या पाठाला त्याच वर्गावर गेले तर तिसऱ्या बाकावर ती नव्हती. आजारी आहे का विचारलं, तर पोरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. मैदानात चिंचेखाली ती आणि आणखी सहा जण दगड वेचत होती. वर्गशिक्षिकेने मला शांतपणे समजावलं, की पाठाच्या दिवशी यांना आता बाहेरच ठेवायचं ठरलंय, उगीच तुमचे मार्क जायला नकोत. बाई वाईट नव्हती. माझा चेहरा बघून ती हळूच म्हणाली, “मी पण पहिल्या वर्षी अशीच होते. नंतर जातं ते.”

या एका वाक्याने माझं बी.एड. संपलं. सरांनी झापलं म्हणून नाही, प्राचार्यांनी बोलावलं म्हणून नाही. ती बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल. तिच्या जागी मला मी दिसले, छान परीटघडीची साडी, पगार चालू, आणि खिडकीबाहेर दगड वेचणारी पोरं. मी घाबरले. खरं सांगायचं तर रागाच्या आधी भीती वाटली.

मग मी खडू घेतला आणि मैदानात गेले. आत सर वही उघडून बसलेले. त्या सात जणांना म्हटलं, दगड ठेवा, कांद्याचा वाफा किती मोठा असतो ते पावलांनी मोजून दाखवा. शेतकऱ्यांचीच पोरं ती, त्यांना वाफे सांगावे लागत नाहीत. त्यांनी वेचलेल्या दगडांनीच जमिनीवर वाफा आखला, त्यात एकेका पावलाचे चौकोन पाडले आणि चौकोन मोजले. ती मुलगी मोजता मोजता मध्येच थांबली आणि म्हणाली, बाई, सगळं कशाला मोजायचं, एका ओळीत सहा हाईत आन ओळी चार हाईत. त्या क्षणी मला जे वाटलं ते नंतर कुठल्याही शेऱ्याने वाटलं नसतं. घंटा झाली तेव्हा सर खिडकीत उभे होते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे बोलावणं. माणूस सभ्य होता, चहा मागवला. म्हणाले, मॅडम, तुमचं मन चांगलं आहे, पण शिस्त मोडली. निरीक्षक वर्गात बसलेले असताना तुम्ही पाठ सोडून गेलात. दोन ओळी माफीच्या लिहून द्या, तो पाठ पुन्हा घ्या, विषय संपला. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. एकदा नोकरी लागली की आपल्या वर्गात हवं तसं शिकवा. ते गोड बोलत होते आणि ते सगळं खरंही वाटत होतं. मला आत्यांची पहाटेची चूल दिसत होती, जूनमधली ती जागा दिसत होती. हातातोंडाशी आलेला घास होता.

मी म्हटलं, “सर, मी पाठ सोडला नाही. पाठ घेतला. तुमच्या खोलीत नाही घेतला, एवढंच.”

ते म्हणाले, विचार करा. मी विचार केला, तिथल्या तिथे, आणि कार्यालयात जाऊन माझी मूळ कागदपत्रं परत मागितली. क्लार्क म्हणाला, प्रवेश रद्द करायला अर्ज लागतो, कारणाच्या जागी ‘वैयक्तिक’ लिहा. मी लिहिलं, ज्यांना येत नाही त्यांना शिकवण्याची इथे सोय नाही. तो म्हणाला, असलं कारण चालत नाही. मी म्हटलं, मग नका घेऊ, मी इथेच बसते. दुपारी तीन वाजता त्याने शिक्का मारला.

पस्तावा झाला का, असं लोक अजून विचारतात. ती जागा जूनमध्ये दुसऱ्या कुणाला मिळाली. मी आजही बी.एड. नाही. डिंगोऱ्यात घरी पोरं येतात, गणितात नापास झालेली, आणि मी त्यांना ओसरीवर बसवते. नोकरीवाल्या मैत्रिणींच्या पेन्शनच्या गोष्टी ऐकल्या की कधी कधी हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण माफी लिहायला हवी होती असं एकदाही वाटलं नाही.

अवघड होतं ते घरी सांगणं. आत्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, सहापासून शिक्क्यापर्यंत. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि आत गेल्या. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. भाकरी मात्र माझ्यासाठीही थापत होत्या, आणि ते जास्त लागत होतं. नवरा म्हणाला, आईनं लई जीव लावला व्हता यात. मला माहीत नव्हतं का ते? मी रात्रंदिवस तेच गिळत होते.

तिसऱ्या दिवशी मामांचा वाण्याच्या दुकानात फोन आला. त्यांना कॉलेजातून कळलं होतं. निरोप असा, की सूनबाईला घेऊन या, मी प्राचार्यांशी बोलतो, दोन ओळींचं काम आहे, जागा अजून हातात आहे. मी ठरवलं, आपणच जायचं आणि तोंडावर नाही म्हणून यायचं. सकाळी पातळ बदलून बाहेर आले तर आत्या दारात उभ्या, ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, पायात वहाणा. म्हणाल्या, तू बस, मी जाते.

मी म्हटलं, आत्या, नाही मी म्हटलंय, मीच सांगते ना.

“तू गेलीस तर गोड बोलून तुझ्याकडनं लिव्हून घेतील,” आत्या म्हणाल्या. “माझ्याकडनं काय लिव्हून घेत्यात? मला लिव्हताच येत न्हाई.”