कपाटात न शोभणारं पुस्तक

आमच्या श्रीरामपूरच्या चर्चचं वाचनालय सांभाळणारे काका पुस्तक आधी हातावर तोलतात. जाड, इंग्रजी, सोनेरी अक्षरांचं असलं की "हे वजनदार हाय" म्हणत काचेच्या कपाटात लावतात आणि किल्ली खिशात टाकतात. बायबलवरचे ते भाष्यग्रंथ कुणी उघडलेले मी पाहिले नाहीत. काकांनीही नाही.

आमच्या पाळकांकडे बरीच गावं आहेत. ते पोचेपर्यंत मयताच्या घरी आम्हीच प्रार्थना करतो आणि काय बोलावं ते सुचत नाही. म्हणून अशा वेळच्या प्रार्थनांचं एक पातळ मराठी पुस्तक, माझ्याजवळची एकुलती एक प्रत, मी वाचनालयासाठी काकांना नेऊन दिली. त्यांनी ती दोन बोटांत धरली.

"बाई, हे पुस्तक हाय का पत्रक? ठिवा, बघू."

परवा देवळालीला एका तरण्या बाईचं दफन होतं. पाळक अडकले होते. काका पुढे झाले, कोटातून तेच पुस्तक काढून वाचू लागले. पानांचे कोपरे हाताळून मऊ पडले होते. तिची गप्प बसलेली आई तेव्हा रडली.

रविवारी मी म्हटलं, "काका, आता तरी कपाटात ठेवा. सगळ्यांना लागतं."

"न्हाई बाई, तिथं ते शोभायचं न्हाई." त्यांनी कोटाचा खिसा चाचपला.

त्याच संध्याकाळी शेजारणीचे वडील गेले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, तर समोर देव नव्हता, काकांचा तो खिसा होता.