डावं मडगार्ड

मोटारीच्या पत्र्यावर भरलेली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, वरून कितीही चकचकीत रंगवा, आवाजावरून ती पकडता येते. टिचकी मारली की पत्रा वाजतो, लांबी नुसती थप्प करते. हे मला ज्यांनी शिकवलं त्या उस्तादांनाच मी फसवलं, आणि तेही नेमकं याच बाबतीत.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मेहकरला बसस्टँडच्या मागे उस्तादांचं डेंटिंग-पेंटिंगचं छप्पर होतं. मी घरच्या भाजीच्या मळ्याला कंटाळून तिथे आलेला, पंचविशीतला, लग्न झालेला आणि स्वतःला फार शहाणा समजणारा कारागीर. उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गिऱ्हाइकाला ते कळू द्यायचं नाही, असं आमचं न बोलताच ठरलेलं. ठोकणं, घासणं, रंगवणं माझ्याकडे. शेवटची तपासणी त्यांची, तळहात फिरवून आणि टिचक्या मारून.

दुसरबीडच्या एका बागायतदारांनी वडिलांची काळी मोटार ट्रकवर घालून आमच्याकडे आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती गाडी बरीच वर्षं गोठ्यात विटांवर उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. दसऱ्याला तिची पूजा करून तिच्यातूनच सीमोल्लंघनाला जायचं, असा मालकांचा बेत होता. इंजिन शेजारच्या मिस्त्रीने चालू केलं. मी महिनाभर पत्रा ठोकला, पाणी पेपर घासून घासून बोटांची सालं काढली. खोटं कशाला बोलू, गाडी देखणी झाली.

फक्त डाव्या मडगार्डला खालच्या बाजूला गंजून मुठीएवढं भोक पडलं होतं. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडायला हवा होता. पण वेल्डिंगचा गॅस संपलेला, तो खामगावहून यायला दोन दिवस लागणार, आणि मला तर बायकोला तिच्या माहेराहून, हिवरा आश्रम गावाहून, आणायची घाई. मी भोकात गोणपाटाचा बोळा कोंबला, वरून लांबी थापली आणि रंगाचे तीन हात मारले.

उस्ताद तपासायला आले. मडगार्डपाशी पोचले तसा मी पटकन त्यांचा हात धरला आणि बोटं वीतभर वर, चांगल्या पत्र्यावर नेऊन ठेवली. त्यांनी टिचकी मारली. पत्रा छान वाजला. ते क्षणभर थांबले, "बरं" म्हणाले आणि पुढे गेले. वेळ मारून नेली म्हणून मी खूश झालो. आज ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

दसऱ्याला मालकांनी आम्हा दोघांना वाड्यावर बोलावलं. गाडी आदल्या दिवशीच खड्ड्यांतून हादरे खात पोचली होती. झेंडूची माळ तयार होती, गावकरी जमले होते, आणि पहिलं कुंकू उस्तादांनी लावायचं, असा मान मालकांनी दिला. कुंकू लावण्याआधी उस्तादांनी सवयीने खांद्यावरचा पंचा घेऊन मडगार्ड पुसलं. भाकरीएवढी लांबी निखळून त्यांच्या पायाशी पडली आणि गोणपाट बाहेर लोंबू लागलं.

हे कोणी केलं, असं मालकांनी हळू आवाजातच विचारलं.

उस्ताद म्हणाले, "माह्याच हातचं काम हाय. डोयाले दिसत नाही मले आता."

मी मूग गिळून उभा राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. धंद्याचा विचार केला, बायकोचा केला, असं पुढे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, एवढंच.

परतीच्या बसमध्ये मी सांगायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "तू माहा हात धरला, तवाच समजलं मले. इतक्या वर्सात कधी धरला नव्हता तू."

"मंग तुमी बोलले काऊन नाही?"

"म्हटलं, तू सांगशीन. आठ दिवस वाट पाह्यली."

त्यानंतर त्यांनी एकही गाडी तपासली नाही. मी दुसरबीडला जाऊन मडगार्डला नवा पत्रा जोडून दिला. तिथेही मालक उस्तादांच्या डोळ्यांबद्दल हळहळले आणि मी मान हलवली. पुढे सगळी कामं माझ्याकडे येऊ लागली. शेवटी उस्तादांचे डोळे गेले आणि काम बिघडलं, पण ह्याचा हात पक्का आहे, असं लोक म्हणायचे. मेहकरला अजूनही एखादा म्हातारा तसं म्हणतो. मी त्याला चहा पाजतो.