फुटत न्हाय ती काच कसली?

काच खरी आहे हे पटायला ती फुटावी लागते, अशी आमच्या कोल्हापूरच्या प्रेक्षकांची ठाम समजूत. बाकीच्या गावांत लोक म्हणे कलाकाराला टाळ्या वाजवतात. आमच्याकडं आधी एक जण स्टेजवर चढतो, बैलाचे दात बघावेत तशी बाटली उलटीपालटी करून बघतो, तिच्यावर नाणं वाजवतो आणि मग परवानगी देतो, “व्हय, काचच हाय. उडवा पावणं.”

मी सोड्याच्या बाटल्या उडवायचो. गोटीवाल्या, जाड काचेच्या. चार बाटल्या एकदम हवेत आणि आत गोट्यांचा खुळखुळाट. ही विद्या कुठल्या गुरूनं दिली नाही. बारावीत आपटी खाल्ल्यावर मामांनी मला त्यांच्या सोड्याच्या गाडीवर बसवलं. गिऱ्हाईक नसलं की मी रिकाम्या बाटल्या उडवायचो. फुटून कमी व्हायच्या त्या बाटल्या चोरीला जातात, असं मामांना वाटायचं. त्यांनी शेजारच्या भेळवाल्याशी त्यावरून अबोला धरला होता, तो मी मोडला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या गल्लीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा स्टेजवर गेलो. मग गणपतीची मंडळं, मग खेडोपाडीच्या यात्रा. दिवसा शाहूपुरीतल्या एका दुकानात मोटारींच्या काचांना काळी फिल्म लावायची आणि सुट्टीच्या दिवशी बाटल्या. लग्न झाल्यावर बायको मदतीला आली. स्टेजच्या कडेला उभी राहून ती एकेक बाटली माझ्याकडं टाकायची आणि फुटली की झाडू घेऊन पुढं व्हायची. माझ्या कलेबद्दल तिचं मत एका वाक्यात होतं: “तुमचं नाव हुतंय आणि केर मी काढतो.”

फुटायच्याच. दहा कार्यक्रमांत एखादी. लोकांना तेच आवडायचं.

बिद्रीजवळच्या एका गावात अशीच एक सुटली, स्टेजच्या कडेवर आपटली आणि एक कपची पुढं सतरंजीवर बसलेल्या एका पोरीच्या भुवईत घुसली. तीन टाके पडले. तिचा बाप बिचारा उलट मलाच म्हणाला, “जाऊ दे ओ, पोरीला लई फुडं बसायची खोड हाय.” मला ते पटलं. खरंच, इतकं पुढं कशाला बसावं, असं मी येताना एसटीत दोनदा म्हणालो.  घरी आल्यावर बायको म्हणाली, “आता काच उडवायची न्हाय. उडवायची आसंल तर फुटून उडणार न्हाय आसं कायतरी करा.”

मग आमचे प्रयोग सुरू झाले. आधी सायकलच्या ट्यूबची कडी कापून बाटल्यांना घातली. बाटली पडली की फुटायची नाही, टुणकन उसळून भलतीकडंच जायची. एकदा तबलेवाल्याच्या मांडीत जाऊन बसली. मग सासूबाईंनी लोकरीची झबली विणून दिली. लाल, पिवळी, कडेला नक्षी. स्वेटर घातलेल्या बाटल्या घेऊन पैलवानांच्या तालमीपुढं उभं राहायला जे काळीज लागतं ते माझ्याकडं नव्हतं.

एकदा बायको दुकानात डबा घेऊन आली, तेव्हा मी एका जीपची फुटलेली काच काढत होतो. काचेचा पार चुरा झालेला, पण फिल्मला चिकटून सगळी चादरीसारखी एका तुकड्यात बाहेर आली. ती बघत राहिली. मग म्हणाली, “ह्ये बाटलीला का लावत न्हाई तुमी?”

चार वर्षं मी रोज आठ तास तेच काम करत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

बिनरंगाची फिल्म घेतली. सपाट काचेवर ती साबणाच्या पाण्यावर सरळ बसते, पण गोटीच्या बाटलीचा गळा चिमटलेला, तिथं सुरकुत्या पडायच्या. बायकोनं फिल्मच्या बोटभर पट्ट्या कापल्या, एकीवर एक जराशी चढवत लावल्या आणि गल्लीतल्या पार्लरवालीचं केस वाळवायचं मशीन आणून गरम वाऱ्यावर त्या गळ्यात बसवल्या. ती बाटली मी शिडीवरून फरशीवर टाकली. आत पिशवीतल्या पापडासारखा चुरा झाला. बाहेर एक कण आला नाही. बायको त्या बाटलीवरून चार वेळा हात फिरवत हसली. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला. मी तसं सांगितलं नाही, कारण कल्पना निम्मी माझीच आहे असं मी तोवर ठरवून टाकलं होतं.

घोळ एकच झाला. फिल्म लावलेली बाटली वाजत नाही. नाणं मारलं की खणखणीत आवाज येण्याऐवजी नुसतं बद्द. आणि पडली की फुटल्यासारखी दिसत नाही. “प्लास्टिक हाय रं!” अशी आरोळी मग दर कार्यक्रमाला ठरलेली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या वर्धापनदिनी मी आतली गोटी हलवून दाखवली, तर मागनं वॉचमन ओरडला, “गोटी बी प्लास्टिकची आसंल!” चार-पाच वर्षं मी हे ऐकून घेतलं. आतून मात्र जळत होतो. माझ्याच गावात मला लोक खोटा म्हणत होते.

शेवटी एका गणपतीत, पेठेतल्या तालमीपुढं, ते व्हायचं ते झालं. बाटली पडली, फुटली नाही, शिट्ट्या सुरू झाल्या. मंडळाचे अध्यक्ष माईक घेऊन म्हणाले, “पावणं, आमच्या तालमीत फसवाफसवी चालत न्हाय. ह्यो कागद सोला आणि उडवा, न्हायतर बाटल्या गोळा करा आणि जावा.”

माझं डोकं फिरलं. खिशातलं ब्लेड काढलं आणि सगळ्यांदेखत एकेक बाटली सोलायला लागलो. चारही सोलल्या. नाणं मारून दाखवलं. खण्ण! गल्लीनं जल्लोष केला. मी बाटल्या बायकोकडं द्यायला वळलो, तर ती जागेवर नव्हती.

ती स्टेजवरून उतरली होती. खुर्चीत बसलेली आमची चार वर्षांची लेक तिनं उचलली आणि पुढच्या सतरंजीवर, पोरांच्या घोळक्यात, अगदी स्टेजला लागून मांडी घालून बसली. लेक मांडीवर.

अध्यक्ष गडबडले. “वैनी, वर खुर्चीत बसा की.”

“हितनं चांगलं दिसतंय,” ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, “उडवा की. मी बसलोय हितं.”

मी एक बाटली वर टाकली. झेलली. दुसरी हातातून सुटेना. खाली लेक माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होती. मी बाटल्या खाली ठेवल्या आणि माईकवर म्हणालो, “जमत न्हाय.” मग जी काय हुर्यो उडाली! “पळाला, पळाला!” बायको उठून वर आली आणि बाटल्या पिशवीत भरायला लागली.

लोक समजले, मी घाबरलो. घाबरलोच होतो. पण रिक्षात बसल्यावर मला दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटायला लागली, आणि ती अजून गेलेली नाही. फिल्म लावायच्या आधी वर्षानुवर्षं मी ह्याच उघड्या बाटल्या उडवल्या होत्या. तेव्हाही पुढं सतरंजीवर पोरंच बसायची, लोकांची. माझा हात एकदाही अडला नव्हता.