पोटावरची चादर

गल्लीत तिला सगळे घडीवाली म्हणायचे. इस्त्रीचं दुकान नवऱ्याचं, पण कपडे यायचे ते तिच्या हातासाठी. तिनं घातलेली घडी कपाटात कितीही दिवस पडली तरी हलायची नाही. गरम कपडा ती लगेच उचलायचीच नाही. घडी घालून वर लाकडी पाट ठेवायची, गार होईपर्यंत.

"गरम असतानाच दाबून धरलं की कपडा ऐकतो," ती म्हणायची.

"आणि मी?" नवरा विचारायचा.

"तुमच्या मापाचा पाट मिळाला नाही अजून."

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस राहिले. सासूबाईंनी जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली. दिवस भरत आले तेव्हा तपासणीत कळलं की बाळ पायाळू आहे, डोकं वर बरगडीशी, पाय खाली.

"तुझ्यावरच गेलंय," नवरा म्हणाला. "मान खाली घालायची म्हणून नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात झोपवलं, मशीनवर बाळाचे ठोके लावले आणि दोन्ही हातांनी पोट दाबत दाबत बाळ फिरवलं. घडीवालीनं पलंगाची दांडी घट्ट धरून ठेवली होती. डोकं खाली आलं.

"झालं. पण काही बाळं परत फिरतात हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लाथा आता वर लागायला हव्यात. खाली लागल्या तर त्याच दिवशी यायचं, तेव्हा ऑपरेशन करता येईल. आणि पाणी गेलं तर एक पाऊल चालायचं नाही. बाळाआधी नाळ खाली आली तर दबते. गुडघ्यांवर ओणवं व्हायचं, कंबर वर, आणि तसंच इथं."

ऐकलं तिनं सगळं, पण मनात रुतून बसलं ते एवढंच: परत फिरतात.

घरी येऊन तिनं गिऱ्हाइकाच्या ढिगातली एक जाड, खळ घातलेली चादर ओढली आणि पोटाभोवती घेतली.

"धरा हे टोक, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "आत्ताच बसलंय, दाबून ठेवलं की राहील."

सासूबाईंना ते पटलंच. "आवळ अजून," त्या म्हणाल्या, आणि गाठ त्यांनीच मारली.

पुढं एकदा लाथ खाली बसल्यासारखी वाटली. पण चादर इतकी घट्ट, की लाथ कुठली आणि गाठ कुठली तेच कळेना. सोडून बघावं असं मनात आलं. पण गार व्हायच्या आत उघडून बघितलेली घडी मोडते, हे तिच्या हातांना पक्कं ठाऊक होतं. तिनं सोडली नाही.

भरदुपारी टेबलाशी उभी असतानाच पाणी गेलं.

"चाल, फेऱ्या मार, लवकर मोकळी होशील," सासूबाई म्हणाल्या.

"नाही चालायचं!" ती ओरडली. सासूशी आवाज चढवायची ती पहिलीच वेळ. नवऱ्यानं कपडे पोचवायची हातगाडी काढली. ती गाडीवर ओणवी झाली, कपाळ फळीला, कंबर वर. सासूबाईंनी पोटाची चादर सोडून तीच तिच्या अंगावर टाकली आणि गाडीला हात लावून धावत राहिल्या. रस्ता बघत उभा राहिला. बघू दे.

दवाखान्यात कळलं की पाय पुन्हा खाली आलेत आणि पायांआधी नाळ आलीय. नर्सनं आत हात घालून बाळ वर रेटून धरलं, ते थेट ऑपरेशनच्या टेबलापर्यंत. मुलगा होता. रडला नाही.

शुद्धीवर आल्यावर तिनं डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "मी बांधलं म्हणून?"

त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. "बांधल्यामुळे नाळ आली असं मी म्हणणार नाही. बांधलं नसतं तर तुम्हाला कळलं असतं, आणि तुम्ही आधी आला असता. ओणव्या आलात ते बरोबर केलंत. आम्हाला वेळ कमी पडला."

यातलं आपण कुठलं घेऊन घरी जायचं, ते तिला समजलं नाही.

टाके सुकल्यावर ती दुकानात उतरली. ढिगाच्या तळाशी ती चादर होती. सासूबाईंनी धुतलेली, पण पुन्हा कुणी हात न लावलेली.

"दुसरी घेऊन देऊ त्यांना," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आवळ म्हणाले ती मीच गं."

"गिऱ्हाइकाची आहे, आत्याबाई. पोचवायला हवी."

तिनं पाणी शिंपडून इस्त्री फिरवली. गाठीच्या जागच्या चुण्या काही केल्या जाईनात, पुन्हा पुन्हा फिरवावी लागली. मग घडी घातली. हात सवयीनं पाटाकडे गेला आणि तिथंच थांबला.

ती चादर तिनं तशीच गार होऊ दिली.