फोटो धुवायचं पाणी

माझा नवरा चित्रकलेचा मास्तर. वाशीमच्या भंगारात त्याला लाकडी पेटीचा जुना कॅमेरा सापडला आणि घरात मला सवत आली. आमचं गाव धरणात जाणार होतं. त्याआधी जुन्या लोकांच्या पद्धतीनं अख्खं गाव एका फोटोत घ्यायचं त्यानं ठरवलं. सासूबाईंचं मागणं एकच, "माह्या दारातला निंब दिसला पाह्यजे."

टेकडीवर पेटी मांडून, डोक्यावर काळं कापड घेऊन त्यानं गाव टिपलं. फिल्मच्या जागी फोटोचाच कागद. त्यावर आभाळ काळं आणि निंब पांढरा आला. तो कागद दुसऱ्यावर दाबून दिव्याखाली छापला, तेव्हा गाव गावासारखं दिसलं. सासूबाईंनी निंबावर बरोबर बोट ठेवलं.

राहिलं धुणं. चित्र पक्कं करणारं औषध कागदात मुरतं. भरपूर पाण्यानं काढलं नाही तर तेच पुढे चित्र खातं. आम्ही तेव्हा पुनर्वसनाच्या वसाहतीत, कोरड्या नळापुढे टँकरची वाट बघत होतो. त्यानं आणखी एक बकेट मागितली, तशा सासूबाई कडाडल्या, "माणसाले प्याले नाही, अन् तू कागदाले पाजून राह्यला?" तो हसला आणि आहे त्यात भागवलं.

गाव बुडालं. मोबाईलमधले फोटो मोबाईलबरोबर गेले. सासूबाई रोज सकाळी भिंतीवरच्या निंबाला हात लावायच्या. मग फोटो पिवळा पडला, घरं विरली, ज्यावरून छापला त्या मूळ कागदाचीही तीच गत झाली. "काहून दिसत नाही रे मले?" त्यांनी विचारलं. त्यांनी न दिलेल्या बकेटीचं नाव त्याला घेववेना. "मोतीबिंदू असंल, माय," तो म्हणाला.

मोतीबिंदू खरंच निघाला. वाशीमला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तशा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लय वाळली वं तू." मला रडू आलं. घरी आल्या आल्या त्यांनी फोटो मागितला. नवरा अंगणात निघून गेला. तिथून धरण दिसतं, काठोकाठ भरलेलं. एवढं पाणी, आणि आमच्या कामाची एक बकेटही नाही. मला त्या पाण्याची चीड येते.

मी भिंतीवरचा फोटो उतरवून दिला. त्यांनी तो खिडकीशी धरला, फिरवला, पदरानं पुसला. कोऱ्या कागदावर निंबाच्या जागी बोट ठेवून त्या मला म्हणाल्या, "दुसऱ्या डोयाचं कवा करता?"