कॅनडातली सीट आणि जुबैलची जमात

आमच्या गावचा एक जण कॅनडातल्या एका शहरातून तिथल्या प्रांताच्या विधानसभेला उभा राहिला आणि इकडे सौदीतल्या जुबैलमध्ये आमच्या जमातीच्या अंगात आलं. आम्ही रत्नागिरीकडच्या एकाच गावची माणसं. दर जुम्म्याला नमाजनंतर एका खोलीत बिर्याणीला जमतो. आठवडाभर कंपनीत ‘येस सर, येस सर’ करणारे तिथे एकदम पुढारी होतात. सौदीत आम्हाला मत नाही, गावी मतदानाला जायला कधी सुट्टी मिळाली नाही. पण कॅनडातली सीट कशी काढायची, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं.

कॅनडात गावचा आणखी एकच मुलगा होता. जमातीच्या अध्यक्षांनी त्याला स्पीकरवर फोन लावला आणि हुकूम सोडला, “मत आपल्याच माणसाला द्यायचं.”

“चाचा, मी इथे परमिटवर आहे. मला मतच नाही.”

“कारणं सांगू नकोस.”

उमेदवार पडला. पुढच्या जुम्म्याला जमातीने त्या मुलाला गद्दार ठरवून वाळीत टाकलं. “अहो, त्याला मत होतं कुठे?” मी ओरडलो. अध्यक्षांनी माझ्याकडे न बघता रायता मागितला.

तेवढ्यात फोनवर फोटो आला. पडलेला उमेदवार जिंकलेल्या बाईंशी हसत हसत हात मिळवत होता. अध्यक्षांनी फोटो मोठा करून नीट पाहिला, बोटं पुसली आणि त्यालाही वाळीत टाकलं.

कॅनडात आमच्या गावची दोन माणसं होती. आता एकही नाही.